जिन, लिंबू आणि बर्फाचं पाणी

अमेरिकन कॉकटेल-पुस्तकात ‘दोन औंस जिन’ असं लिहिलेलं असलं, तर आपल्याकडच्या वाचकाला आकडेमोड करावी लागत नाही. औंस म्हणजे तीस मिलिलिटरला किंचित कमी, म्हणजे आपला छोटा पेग. दोन औंस म्हणजे मोठा पेग. कुठल्यातरी बाटलीबरोबर फुकट आलेलं, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला साठचं स्टीलचं माप बऱ्याच घरांत असतंच. पण तेवढं माप सोडलं, तर त्या पानावरचं दुसरं काहीही आपल्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं उतरत नाही. त्यांचं लिंबू वेगळं, त्यांचा बर्फ वेगळा, खोलीतली हवा वेगळी, आणि आपल्या बाटलीतली जिनही बरेचदा थोडी जास्तच कडक. या पुस्तकात कृती आहेतच. पण कृतीतला आकडा तिथे का आला, हे सांगण्यावर माझा भर जास्त आहे. तो का आला हे कळलं, की कधी मोडायचा हेही कळतं.

घरी करायचं म्हणजे काय, तेही आधीच सांगितलेलं बरं. दारू गाळणं हा इथला विषय नाही. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. परवानाधारक दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटल्या, मंडईतली लिंबं, साखर, सोडा आणि फ्रीजरमधला बर्फ, एवढ्या सामग्रीत जे होतं ते. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि कायद्याने परवानाही लागतो. हा परवाना १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची देणगी. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी तर हे पुस्तक निव्वळ वाचण्यापुरतंच आहे.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा तिथले बारटेंडर लंडन, पॅरिस, हवाना गाठून मोकळे झाले. हॅरी क्रॅडॉक त्यांतलाच. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारमध्ये तो स्थिरावला आणि १९३० साली त्याच्या नावावर ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघालं, जे आजही कॉकटेल करणाऱ्यांच्या हाताशी असतं. मुंबईच्या दारूबंदीने असं पुस्तक दिलं नाही. तिने दिली ‘परमिट रूम’ची पाटी, आणि दारं-खिडक्या लावून घाईघाईने ग्लास रिकामा करायची सवय. कॉकटेल मुंबईला अनोळखी होतं असं नाही; ताजमधला हार्बर बार १९३३ सालचा आहे. ते घरापर्यंत मात्र आलं नाही. घरात आली व्हिस्की, आणि जिनच्या वाट्याला लिमका. जिनला ‘बायकांची दारू’ म्हणून हिणवणाऱ्या पुरुषांनी एकदा नीट केलेली मार्टिनी पिऊन पाहावी. गोडाचा आधार नसलेलं इतकं करकरीत पेय व्हिस्कीवाल्यांच्या टेबलावर क्वचितच येतं.

जिन करण्याची रीत थोडक्यात अशी. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेलं बिनचवीचं स्पिरिट घ्यायचं, त्यात जुनिपर आणि इतर मसाले घालायचे, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं. जुनिपरला फळ म्हणायचं ते रिवाजाने; वनस्पतिशास्त्र त्याला मांसल झालेला शंकू म्हणतं. हिमालयात जुनिपरच्या जाती आहेत, आयुर्वेदात त्याचं नाव हपुषा, आणि एका भारतीय जिनने तेच नाव घेतलं आहे. जुनिपरनंतरचा मानाचा मसाला कोणता, तर आपले धने. त्यानंतर अँजेलिका आणि ओरिसची मुळं, लिंबा-संत्र्याच्या साली, ज्येष्ठमध, दालचिनीच्या कुळातली साल. ‘बॉम्बे सफायर’मध्ये कंकोळही असतो. त्या निळ्या बाटलीचा मुंबईशी संबंध नावापुरताच. ती १९८७ साली बाजारात आली आणि आज इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या लेव्हरस्टोक इथे तयार होते.

‘लंडन ड्राय’ हेही गावाचं नाव समजू नये. ती पद्धत आहे. सगळा स्वाद ऊर्ध्वपातनातच यायला हवा, नंतर वास किंवा रंग मिसळायचा नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, अशी अट. लंडनमध्ये मात्र अठराव्या शतकात जे विकलं जायचं ते याच्या जवळपासही नव्हतं. हॉलंडच्या येनेव्हरची ती स्वस्त, घाणेरडी नक्कल होती. विल्यम होगार्थचं ‘जिन लेन’ हे चित्र १७५१ सालचं. त्यातल्या बाईच्या मांडीवरून मूल खाली पडतंय आणि तिला शुद्ध नाही. जिन सुधारली ती नैतिक उपदेशाने नाही, यंत्राने. १८३० साली एनियस कॉफी या आयरिश अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि स्वच्छ स्पिरिट मुबलक मिळू लागलं. खराब चव झाकायला साखर घालायची गरज उरली नाही, म्हणून जिन ‘ड्राय’ झाली. या पुस्तकातली बहुतेक कॉकटेलं त्यानंतरच्या शंभर वर्षांतली आहेत.

युरोपात जिन किमान ३७.५ टक्के अल्कोहोलची असावी लागते. आपल्याकडच्या बाटल्यांवर साधारणपणे ४२.८ लिहिलेलं असतं. फरक छोटा वाटतो, पण बर्फाच्या बाबतीत तो ध्यानात ठेवावा लागतो. २०१७मध्ये ‘ग्रेटर दॅन’ आणि पाठोपाठ ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ या जिन आल्यापासून गोवा हे भारतीय जिनचं माहेर झालं आहे, आणि आता दुकानात उभं राहिलं की निवडीचा गोंधळ उडतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिली बाटली साध्या, जुनिपरचा वास ठसठशीत असलेल्या लंडन ड्रायची घ्यावी. फुलांचे, फळांचे, चहाच्या पानांचे नाजूक वास असलेल्या जिन टॉनिकमध्ये सुंदर लागतात. नेग्रोनीत काम्पारी त्यांना गिळून टाकते. क्लासिक कृती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जुनिपरच होतं.

आता लिंबू. इंग्रजी पुस्तकातलं पिवळं, टोकदार, जाड सालीचं लेमन आपल्या मंडईत सहसा नसतं. आपलं कागदी लिंबू हे वनस्पतिशास्त्रात लाइम आहे, मेक्सिको-फ्लोरिडावाले ज्याला ‘की लाइम’ म्हणतात त्या जातीचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही याच कुळातली. दोन्ही फळांच्या रसाचा आंबटपणा ढोबळमानाने सारखा. पण लेमनमध्ये तो जवळजवळ सगळा सायट्रिक आम्लाचा असतो, तर लाइममध्ये मॅलिक आम्लाचाही वाटा असतो, म्हणून त्याची आंबट चव जिभेवर जास्त टोचते आणि रेंगाळते. वास तर पूर्णच वेगळा. त्यामुळे टॉम कॉलिन्समध्ये कागदी लिंबू पिळलं तर जे तयार होतं ते उत्तम लागतं, फक्त ते टॉम कॉलिन्स नसतं.

याचा अर्थ पिवळ्या लेमनसाठी क्रॉफर्ड मार्केट धुंडाळत बसावं असा नाही. मुळात लाइमवर बेतलेली क्लासिक पेयं आहेतच, आणि घरच्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं म्हणणं आहे. जिन रिकी घ्या. वॉशिंग्टनमध्ये शूमेकर्स नावाच्या बारमध्ये १८८०च्या दशकात कर्नल जो रिकी नावाचा राजकारणातला गृहस्थ बर्बन, सोडा आणि अर्धं लिंबू असं पेय मागायचा. पुढे बर्बनची जागा जिनने घेतली आणि त्याचं नाव राहिलं. साखर नाही. उंच ग्लास, भरपूर बर्फ, साठ मिली जिन, अर्धं-एक कागदी लिंबू पिळून, वर थंड सोडा. एप्रिलच्या दुपारी विदर्भात बसून ज्याला हे आवडणार नाही, त्याच्यासाठी मी दुसरं काही सुचवू शकत नाही.

गिमलेटची गोष्ट जरा लांबची आहे. जेम्स लिंड या शाही नौदलाच्या वैद्याने १७४७ साली ‘सॉल्सबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या खलाशांवर प्रयोग केला आणि संत्री-लिंबं खाणारे बरे झाले. रस टिकवायचा कसा, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षं चालला. रममध्ये मुरवून तो टिकवत. १८६७ साली लॉखलिन रोझ या स्कॉटिश व्यापाऱ्याने दारूऐवजी साखरेने रस टिकवण्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणं कायद्याने बंधनकारक झालं. धंद्याला याहून चांगला मुहूर्त मिळणं कठीण. रोझच्या त्या गोड रसात, म्हणजे कॉर्डियलमध्ये, जिन मिसळली की गिमलेट. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या क्लबांत ते भरपूर चाललं. रेमंड चँडलरच्या ‘द लाँग गुडबाय’ या १९५३च्या कादंबरीत खरं गिमलेट म्हणजे निम्मी जिन, निम्मं रोझचं कॉर्डियल आणि बाकी काही नाही, असं एक पात्र ठासून सांगतं. चँडलरच्या वाचकांनी रागावू नये, पण हे प्रमाण आज भयंकर गोड लागतं.

बाटलीतल्या हिरव्या कॉर्डियलपेक्षा घरचं कितीतरी पटींनी चांगलं होतं, आणि यात कागदी लिंबासारखं फळ नाही. आठ-दहा लिंबांची फक्त वरची साल बारीक किसणीने किसून घ्यायची. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. ती दोनशे ग्रॅम साखरेत चोळून तीन-चार तास झाकून ठेवायची. साखर ओलसर, तेलकट होते आणि झाकण उघडलं की घरभर वास सुटतो. मग त्यात पावणेदोनशे मिली ताजा रस घालून, गॅसवर न चढवता, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि गाळून फ्रीजमध्ये ठेवायचं. पाक करायचा मोह आवरावा, रसाला उष्णता लागली की ताजेपणा गेलाच. साठ जिनला या कॉर्डियलचे वीस ते पंचवीस मिली पुरतात. दोन आठवड्यांत संपवावं.

या पुस्तकात कृतींचे गट पाडले आहेत ते रीतीनुसार. जिन, आंबट आणि गोड हा एक सांगाडा. साठ जिन, बावीस लिंबूरस, बावीस साखरेचा साधा पाक (साखर आणि पाणी सम वजनाने, नुसतं विरघळवून, एकतारी नको) इथून निघायचं. पुदिना घाला, साउथसाइड झालं. साखरेऐवजी मध घाला, बीज नीज. साखर काढून संत्र्याचा लिकर घातला, की व्हाइट लेडी. सोड्याने लांबवलं तर कॉलिन्स, शॅम्पेनने लांबवलं तर फ्रेंच ७५. हे शेवटचं नाव पहिल्या महायुद्धातल्या पंचाहत्तर मिलिमीटरच्या फ्रेंच तोफेवरून आलेलं. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी जन्मलेल्या या पेयांची नावं पाठ करण्यापेक्षा सांगाडा लक्षात ठेवणं सोपं. लिंबं उन्हाळ्यात जास्त आंबट किंवा कोरडी निघाली, की पाक दोन-तीन मिलींनी वरखाली करायचा. हे ठरवायला चमच्याने चाखून पाहण्यावाचून दुसरा उपाय नाही.

आणि आता ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं तो घटक: पाणी. कृतीत ते कुठेच लिहिलेलं नसतं. पण नीट घुसळलेल्या किंवा ढवळलेल्या कॉकटेलच्या तयार ग्लासात चौथा ते तिसरा हिस्सा पाणीच असतं, आणि ते सगळं बर्फ वितळून येतं. ‘बर्फ वितळून पातळ होईल’ या धास्तीने बरेच जण दोन खडे टाकून थांबतात. गंमत अशी, की त्यामुळेच ते जास्त पातळ होतं.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालची ऐंशी कॅलरी उष्णता शोषून घेतो. वितळलेलं तेच पाणी शून्यावरून एक अंशावर यायला फक्त एक कॅलरी घेतं. म्हणजे पेय थंड होतं ते बर्फाच्या स्पर्शाने कमी आणि त्याच्या वितळण्याने जास्त. पाणी मिसळल्याशिवाय बर्फ पेय थंड करू शकत नाही. बर्फ भरपूर असला तर पेय झटकन शून्याखाली जातं. हो, शून्याखाली; अल्कोहोल असल्यामुळे ते गोठत नाही. तिथे पोचलं की वितळणं मंदावतं. दोनच खडे असले तर ते बिचारे पूर्ण वितळून जातात, पेय कोमटच राहतं आणि पाणी मात्र सगळं आत. म्हणून शेकर बर्फाने गच्च भरायचा. त्यात आपली ४२.८ टक्क्यांची जिन थोडं जास्तच पाणी मागते. विलायती पुस्तकात दहा सेकंद घुसळा म्हटलं असेल तर आपण बारा-पंधरा घुसळावं.

बर्फ ओला नसावा हेही तितकंच महत्त्वाचं. मुंबईच्या दमट हवेत ट्रे बाहेर काढून पाच मिनिटं गप्पा मारल्या, तर खड्यांवर पाण्याचा थर बसतो, आणि ते पाणी थंडावा न देता नुसतंच पेयात जातं. फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये. फ्रीजरमध्ये सुकट किंवा खोबऱ्याचं वाटण उघडं असेल तर बर्फाला त्याचा वास लागतो. मार्टिनीत तो लपत नाही. लांब ग्लाससाठी मोठे पारदर्शक खडे हवे असतील तर एक युक्ती आहे: जाड थर्मोकोलच्या डब्यात, आत फ्रीजरमध्ये बसेल असं भांडं ठेवून, वरून उघडं सोडून पाणी गोठवायचं. बर्फ फक्त वरून खाली धरत जातो, हवेचे बुडबुडे आणि क्षार तळाकडे ढकलले जातात, आणि वरचा अर्धाअधिक भाग काचेसारखा निघतो. तळ गोठायच्या आत, म्हणजे अठरा-वीस तासांनी बाहेर काढून सुरीने तोडावा. दिसायला देखणा, वितळायला संथ. चवीत मात्र त्याने फरक पडत नाही, त्यामुळे रोजच्यासाठी एवढा खटाटोप नको.

घुसळायचं केव्हा आणि ढवळायचं केव्हा याचा साधा नियम: लिंबूरस, मध, अंड्याचा पांढरा भाग असं काही असलं तर घुसळायचं, सगळी दारूच असली, म्हणजे जिन, वर्मुथ, काम्पारी, तर ढवळायचं. घुसळल्याने हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, पेय ढगाळ आणि हलकं होतं. ढवळलेलं नितळ आणि दाट राहतं. पण हा नियम काही वेदवाक्य नाही. खुद्द सॅव्हॉयच्या पुस्तकात ड्राय मार्टिनी घुसळायलाच सांगितली आहे. तेव्हा जेम्स बाँडला हसणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. योगायोगाने बाँडची पहिली कादंबरी ‘कसिनो रोयाल’ हीसुद्धा १९५३चीच; त्यात तो तीन माप जिन, एक माप व्होडका आणि अर्धं माप किना लिले असं पेय सांगतो, तेच पुढे व्हेस्पर म्हणून रूढ झालं.

मार्टिनीविषयी इतकं लिहिलं गेलंय की हात आखडता घ्यावासा वाटतो, आणि तरीही या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण तेच आहे. १८८०च्या दशकात तिचं पूर्वरूप गोड होतं. १८८४च्या ओ. एच. बायरनच्या पुस्तकात ‘मार्टिनेझ’ भेटतं, गोड वर्मुथचं. हळूहळू गोड वर्मुथच्या जागी फ्रेंच कोरडं वर्मुथ आलं, आणि सॅव्हॉयमध्ये प्रमाण झालं दोन हिस्से जिन, एक हिस्सा वर्मुथ. मग विसाव्या शतकाच्या मध्यावर मर्दुमकीची लाट आली. वर्मुथची बाटली नुसती दाखवायची, तिच्या दिशेने मान लववायची असले विनोद झाले. त्या लाटेत वर्मुथच वाहून गेलं आणि उरली थंड जिन. मला ती चाल पसंत नाही. साठ जिनला पंधरा कोरडं वर्मुथ आणि मिळालंच तर ऑरेंज बिटर्सचा एक थेंब, हे माझं प्रमाण. संध्याकाळी दुसरी घ्यायची असेल तर पंचेचाळीसला बारा करावं. साठ मिली ४२.८च्या जिनमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल जातं, आणि मार्टिनी ते लपवत नसली तरी विसरायला लावते. जुने कॉकटेल-ग्लास आजच्या मानाने लहान होते.

वर्मुथला हा अन्याय का झाला? माझा संशय असा, की बहुतेकांनी ताजं वर्मुथ कधी चाखलेलंच नसतं. वर्मुथ ही वाइन आहे, थोडं स्पिरिट घालून आणि वनस्पती मुरवून केलेली. १७८६च्या सुमारास तुरीनमध्ये अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोने ते विकायला सुरुवात केली असं मानतात. त्यातली मुख्य कडू वनस्पती वर्मवुड, आणि तिचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे: चैत्रात जोतिबाला वाहिला जातो तो दवणा. दोन्ही आर्टेमिसिया कुळातले. आता अल्कोहोल पंधरा-अठरा टक्के असलेली अशी वाइन उघडून बारच्या कपाटात, मे महिन्यात, जिन-रमच्या शेजारी ठेवणं म्हणजे दही उन्हात ठेवण्यासारखं आहे. तिची चव सपक, उग्र होते, आणि मग ‘वर्मुथ मला आवडत नाही’ असा निकाल लागतो.

पाहुणे येणार असतील तर मार्टिनी आधीच मिसळून फ्रीजरमध्ये ठेवता येते. इथे पाण्याचं गणित पुन्हा उपयोगी पडतं: बर्फ नसल्यामुळे पाणी आपणच मोजून घालायचं, साठ-पंधराला साधारण वीस मिली. तास-दीड तास पुरे. रात्रभर ठेवली तर कडेने पापुद्रे धरू लागतात. घाबरायचं कारण नाही, पाच मिनिटं बाहेर ठेवावी.

नेग्रोनी मी या पुस्तकात आधी ठेवणार होते, कारण चुकायला सर्वांत अवघड पेय तेच. तीस जिन, तीस काम्पारी, तीस गोड वर्मुथ, बर्फावर ढवळायचं, वर संत्र्याच्या सालीचा फवारा. फ्लॉरेन्समध्ये १९१९ साली काउंट कामिल्लो नेग्रोनीने आपल्या नेहमीच्या अमेरिकानोत सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि बारटेंडर फोस्को स्कार्सेल्लीने ती घातली, अशी कथा आहे. काम्पारीचा लालभडक रंग २००६पर्यंत किरमिजी किड्यापासून यायचा, ही माहिती ऐन मैफलीत शाकाहारी मंडळींना सांगू नये. सालीचं म्हणाल तर नागपुरी संत्र्याची साल मऊ आणि सैल, ती पिळली जात नाही, फाटते. मोसंबीची घट्ट साल वापरावी.

राहिलं जिन-टॉनिक. त्याच्या जन्मकथेवर मात्र माझा विश्वास नाही. मलेरिया टाळायला गोरे शिपाई कडू क्विनाइन जिनमध्ये मिसळून प्यायचे आणि त्यातून हे पेय आलं, असं सांगतात. क्विनाइनचा इतिहास खराच मोठा आहे. १८२० साली पेलेटिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं, १८६०च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाच्या लागवडी उभ्या राहिल्या. टॉनिक वॉटरचं पेटंट मात्र लंडनच्या इरॅस्मस बाँडचं, १८५८चं. आणि जिन-टॉनिकचा जो सर्वांत जुना छापील उल्लेख सापडतो तो १८६८चा, ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मधला, घोड्यांच्या शर्यतीनंतरचा. इस्पितळातला नाही. मौजेचं पेय मौजेतूनच आलं असावं. आजच्या टॉनिकमध्ये तर, अमेरिकन मर्यादेप्रमाणे, लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाइन असतं; औषधाचा एक ग्रॅम पोटात जायला बारा लिटर प्यावं लागेल.

कृतीत फारसं काही नाही. ग्लास बर्फाने काठोकाठ, साठ जिन, दीडशे टॉनिक, चमचा एकदाच खालून वर. टॉनिक फ्रीजमध्ये गार केलेलं आणि त्याच वेळी उघडलेलं हवं. कालची अर्धी बाटली चालणार नाही. लहान कॅन महाग पडतात, तरी तेच घ्यावेत.

हत्यारांवर पैसे घालवू नयेत. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा शेकरचं काम चोख करतो, चहाची गाळणी बर्फाचे कण अडवते, ढवळायला उंच स्टीलचा पेला आणि लांब दांड्याचा चमचा पुरतो. फक्त सोडा किंवा टॉनिक घालून डबा हलवू नये. झाकण छताला लागतं. माप मात्र हवंच, आणि त्यात पाच-पाच मिलीच्या खुणा असल्या तर उत्तम. अंदाजाने ओतण्याला आपल्याकडे दिलदारी समजतात. कॉकटेलमध्ये ती पाहुण्याच्या मुळावर येते.

रामोस जिन फिझ आणि सिंगापूर स्लिंग इथे नाहीत. पहिल्याला दहा-बारा मिनिटं डबा हलवणारा मदतनीस लागतो, दुसऱ्याला अर्धा डझन आयात बाटल्या. खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी एक लंडन ड्राय, सोडा आणि लिंबं, त्यावर रिकी, गिमलेट, साउथसाइड, कॉलिन्सची बहीण एवढं होतं. मग कोरडं वर्मुथ. त्यानंतर काम्पारी आणि गोड वर्मुथ एकदमच. वर्मुथची मिळाली तर अर्धी बाटली घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहावी आणि ती फ्रीजच्या दारात ठेवावी. महिन्याभरात संपली नाही, तर कोळंबी परतताना कढईत ओतावी, तिथेही ती छान लागते.